अंधारातली कुंडी

ऑगस्टमधला पहिला शनिवार. खर्च एकशे वीस रुपये, तीन कुंड्या आणि मातीचा; गहू घरचाच. हजर चौथीची एकवीस मुलं, त्यांच्या बाई आणि मी. मुलीच्या शाळेत आळीपाळीनं एकेका पालकानं तास घ्यायचा होता. माझी नोकरी हिशेब खात्यातली, झाडांशी संबंध कोथिंबिरीपुरता. तरीही 'रोपाला काय लागतं' हा विषय मी स्वतः मागून घेतला.

अमरावतीत आमच्या घरापासून शाळेपर्यंत स्कूटरवर मागं बसलेली मुलगी एकच सांगत होती, "बाबा, वर्गात माझी फजिती नका करू, बस." मी म्हणालो, प्रयोग आहे, फजिती कसली?

वर्गाचे तीन गट पाडले. पहिल्या गटाच्या कुंडीला ऊन आणि पाणी दोन्ही. मुलगी त्याच गटात. दुसऱ्या गटाच्या कुंडीला ऊन, पण पाणी नाही. तिसऱ्या गटाच्या कुंडीला पाणी, पण ती बंद कपाटात.

"काका, आमालेच काहून कोरडी कुंडी?" दुसऱ्या गटातून विचारणा झाली. "आमी का पाप केलं?"

विज्ञानात निराशाही सहन करावी लागते, असं काहीसं मी त्यांना ऐकवलं. मग उत्साहाच्या भरात जाहीर केलं की ज्या गटाचे गहू सगळ्यात उंच वाढतील, त्या गटाला माझ्यातर्फे गाडीवरचा दही-चटणीतला गिला वडा. पहिला गट जिंकणार, मुलगी खूश होणार आणि उन्हाचं महत्त्वही सिद्ध होणार, असं माझं गणित.

नऊ दिवसांनी पट्टी घेऊन गेलो. कोरड्या कुंडीत माती तशीच होती. उन्हातले गहू हिरवेगार, सात सेंटिमीटर. कपाट उघडलं, तर आत पिवळेधमक गहू, तेरा सेंटिमीटर.

मी दोनदा मोजलं. तेराच.

"आमच्या घटातले बी असेच येतात," कपाटवाल्या गटातली एक मुलगी म्हणाली. "देवघरात उजेडच नसते नं, काका."

खरं तर मलाच आठवायला हवं होतं. अकोल्याला आईकडे नवरात्रात घट बसतो, आणि दसऱ्याला त्यातले लांब पिवळे कोंब टोपीत खोचून "यंदा घट काय झाक आला!" असं दरवर्षी मीच म्हणतो. घरी जी पट्टी लावत आलो, तीच शाळेत आणली होती.

मी सारवासारव सुरू केली. अंधारात रोप उजेड शोधत नुसतं लांब होतं, दाण्यातला साठा संपवत राहतं. ही खरी वाढ नव्हे. कुंडी किंचित तिरकी केली, तर पिवळे गहू आडवे झाले. "बघा, उभंसुद्धा राहता येत नाही. म्हणून बक्षीस हिरव्या..."

"पण काका, तुमी तर उंच म्हनले होते!"

"मोठ्या मानसाईचं असंच असते," कोरड्या कुंडीकडून शेरा आला.

बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. मी मुलीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते हरल्याचं नव्हतं. ती उभी राहिली.

"बाबा, तुम्ही बोलले होते. देऊन टाका नं."

मग फळ्यावर मी 'उंच' लिहून खोडलं, पुढे 'जोमदार' लिहिलं आणि बाजूला कंसात 'पुढच्या वेळेपासून'. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं, कंसासकट.

शाळा सुटल्यावर फाटकाजवळच्या गाडीवर कपाटवाला गट रांगेत उभा राहिला. माझी मुलगी जरा लांब, दप्तराचा पट्टा ओढत होती. घटवाली मुलगी तिच्यावर ओरडली, "इकडं ये नं वो, माह्या प्लेटीतलं घे! तुह्या बापानं तर इमानदारीनं देलं!"

ती पळत गेली. तोंड भरलेलं असतानाच काहीतरी बोलून दोघी खिदळल्या. माझ्याबद्दलच असणार, पण मी विचारलं नाही. गाडीवाल्याला सात प्लेटचे पैसे दिले.