सेवा शुल्काचा सूड

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या! नंतर कुणी दात काढले तर चहाचे कप त्यानंच विसळायचे. कारण या प्रकरणात मी जी माती खाल्ली, ती आठवली की अजून कानशिलं तापतात.

नगरला सावेडीतल्या आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या मी एका ॲपवर टाकल्या होत्या. शिर्डी-शिंगणापूरला जाणारे लोक एखाद-दुसरी रात्र मुक्काम करायचे. झकास चाललं होतं. ॲपवाले त्यांचं सेवा शुल्क बहुतेक पाहुण्याकडून घ्यायचे, मला त्याची झळ नव्हती. मग त्यांनी नियम बदलला. आता सगळं शुल्क माझ्याच पैशातून! दोन हजारांची खोली दिली आणि खात्यात सतराशेच्या आसपास आले. अरे, चादरी मी धुतो, गिझर माझा, संडास मी घासतो आणि सेवा यांची? कसली डोंबलाची सेवा?

डोकंच फिरलं. "तुम्ही कापा, मी वाढवतो!" म्हणत दर वाढवला. तर वाढवलेल्या दरातूनही कापलं! मग साफसफाईचे पैसे वेगळे लावले. त्यातूनही यांचा हिस्सा! झाडू मी मारायचा आणि वाटा यांना द्यायचा? पुन्हा वाढवला. संतापाच्या भरात एवढा वाढवला, की त्या पैशात पुण्यात पोहण्याचा तलाव असलेलं हॉटेल मिळालं असतं.

पाहुणे बंद. साठवलेली सगळी पुंजी मी त्या खोल्यांत घातली होती आणि आता तिथं कबुतरं राहत होती. फुकट!

अशात ॲपवर भिंगारची एक खोली दिसली. नवीकोरी, गच्चीला लागून, खिडकीत तुळस, दर माझ्या निम्मा आणि तारखा जवळजवळ सगळ्या भरलेल्या. मालकीण कुणी वैशाली. शुल्क देऊन एवढ्यात परवडतं कुणाला? नक्की लबाडी! म्हटलं, जाऊन रंगेहाथ पकडतो. एक तारीख मोकळी होती, ती पैसे भरून घेतली आणि निरोप टाकला, "येतोय. जे काय आहे ते समोरासमोरच बोलू."

उत्तर आलं, "या या! आम्ही वाटच बघतोय." बघा, मस्ती केवढी!

आता एक सांगायला हवं. माझी सासरवाडी भिंगारचीच. पण मेहुण्यानं वरचा मजला बांधला, त्याच्या वास्तुशांतीचं आमंत्रण मला फोनवर दिलं. फोनवर! जावयाला! घरी येऊन, अक्षता देऊन बोलावलं असतं तर पाय झिजले असते का? तेव्हापासून मी तिकडं फिरकलो नव्हतो. घरात भिंगारचं नाव काढायचं नाही, असा बायकोला हुकूमच होता.

त्या दिवशी मी पायात चपला सरकवल्या तशी ती म्हणाली, "कुठं निघालात?"

"भिंगारला!" मी गरजलो.

तिचे डोळे भरून आले. "खरंच? थांबा, मीही येते." आणि ठेवणीतली साडी नेसून स्कूटरवर मागं बसली. मला वाटलं, भांडणात नवऱ्याला साथ द्यायला निघाली बिचारी.

वाटेत म्हणाली, "पेढे घ्या ना."

"पेढे? त्या लोकांना? एकेकाच्या कानाखाली देतो बघ!"

ती खुदकन हसली. मला आणखी चेव चढला.

पत्ता नीट वाचायला डोकं थाऱ्यावर होतं कुठं? नकाशा नेईल तिकडं मी चाललो होतो. गल्लीत वळलो. अरेच्चा, ही तर सासरवाडीची गल्ली! म्हणजे यांच्याच शेजारी तो ठग राहतो? तेवढ्यात मोबाईल म्हणाला, आपण पोहोचलात.

दारात मेहुणा. शेजारी ओवाळायचं ताट घेऊन त्याची बायको. वैशाली! तिचं नाव मला माहीत नव्हतं असं नाही हो, पण नगरात वैशाल्या काय कमी आहेत?

"दाजी, राग गेला एकदाचा!" मेहुण्यानं गळामिठी मारली.

मागून सासूबाई आल्या. त्या मूळच्या पाथर्डीकडच्या. "जावईबापू, सासरवाडीला पैसे भरून यायचं व्हय? लोकं तोंडात शेन घालतील आमच्या!"

भाडं भरून सासरी मुक्कामाला आलेला अख्ख्या नगर जिल्ह्यातला पहिला जावई मीच असणार. भांडू कुणाशी? कपाळाला कुंकू लावून घेतलं आणि मुकाट पाटावर बसलो.

पुरणपोळीवर तूप पडल्यावर हळूच विचारलं, "वैशाली, एवढ्या कमी दरात भागतं कसं?"

"दाजी, शुल्क आधीच हिशेबात धरून एकदाच दर ठरवला. थोडं कमी सुटतं, पण खोली रिकामी राहत नाही."

"तसं काय न्हाई," सासूबाई म्हणाल्या. आमच्याही खोल्या ॲपवर आहेत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "ही समदी त्या सावेडीच्या मानसाची किरपा."

"कुणाची?"

"हाय कोन तरी येडा. रागारागानं दर वाढवत बसलाय म्हनं. त्याची समदी गिऱ्हाइकं आमच्याकडं येत्यात. मी रोज देवापुढं हात जोडते, बाबा, त्याचा राग असाच ऱ्हाऊ दे!"

मेहुण्याला ठसका लागला. बायकोनं तोंडाला पदर लावला.

"ऐकतोय हो देव तुमचं," मी म्हणालो आणि आणखी एक पोळी मागून घेतली.