अर्धी वाटी मावशींची

ताईंना तीन आवाज होते. ऑफिसच्या फोनवरचा कडक इस्त्रीचा, ठकीशी बोलतानाचा साखरेत घोळलेला, आणि मावशींसाठीचा वेगळा, ज्यात वाक्यागणिक एक ‘जरा’ असायचं. ‘मावशी, जरा बाटल्या उकळा. मावशी, जरा आवाज न करता उकळा.’

मावशी एजन्सीकडून ठकीला सांभाळायला आल्या त्या पहिल्याच दिवशी ताई म्हणाल्या होत्या, ‘घर आपलंच समजा हं. फ्रीजसुद्धा तुमचाच.’

मावशींनी आजवर पुष्कळ घरची मुलं वाढवली होती. आपलं समजायचं म्हणजे नेमकं किती समजायचं, हे कुणीच सांगत नाही, एवढं त्यांना पाठ होतं. फ्रीज उघडला तर डब्याडब्यावर चिठ्ठ्या: दादांचं सॅलड, ताईंचं दही, ठकीचं सूप. मावशींनी दार हळूच लावून टाकलं.

मग त्या घरून डबा आणू लागल्या. थोड्याच दिवसांत ताई नाक मुरडून, पण हसून म्हणाल्या, ‘मावशी, डब्याचा जरा वास राहतो घरभर. जरा बाल्कनीत बसून खाल का?’ आणि त्याच दमात, ‘पण ठकीला क्षणभरही नजरेआड करायचं नाही हं!’ ठकीची खोली घराच्या एका टोकाला, बाल्कनी दुसऱ्या. दोन्ही हुकूम एकदम पाळायचे तर मान जिराफाची हवी. मावशींची आधीच धरलेली. डबा आपोआप बंद पडला.

ठकी जेवायला महाखट. तोंड मिटलं की कुलूपच. तिला भरवायची मावशींची एक रीत होती: एक घास ठकीचा, एक मावशीचा. मावशी ‘आऽऽ’ करून चमचा तोंडाशी नेत, तेव्हा कुठे ठकी आपलं तोंड उघडी. बाकीच्या घरांत हा नुसता अभिनय. चमचा ओठांपासून मागे. इथं एका दुपारी पोटात कावळे कोकलत असताना चमचा मागे यायचं विसरला. बटाटा मऊ होता, कोमट होता. मग तो रोजच विसरू लागला.

‘वाटी संपवली?’ संध्याकाळी ताई विचारत.

‘संपली,’ मावशी म्हणत. त्यात खोटं काय होतं?

पुढे एका सुट्टीच्या सकाळी ताई ठकीला घेऊन डॉक्टरकडून आल्या त्या चेहरा पाडूनच. ‘वजनच वाढत नाहीये हो. सगळं खाते, मग जातं कुठं? आता उद्या रक्त काढायचंय.’

मावशींच्या पोटात गोळा आला. जातं कुठं ते नेमकं त्या गोळ्याशेजारीच बसलं होतं.

दुपारी ताई स्वतः भरवायला बसल्या. कुलूप. ठकीनं चमचा हिसकावला आणि दाराशी उभ्या मावशींपुढे धरला. ‘माची, आऽऽ!’

‘खेळ आहे वाटतं तुमचा?’ ताई हसल्या.

सुटायला वाट होती. हो म्हटलं की झालं. पण उद्या त्या एवढ्याशा दंडात सुई जाणार होती. आणि बोललं, तर लेकराच्या तोंडचा घास काढणारी बाई पुन्हा कुठल्या घरात उभी राहणार?

‘खेळ नाही, ताई. खरंच खाते मी. अर्धी वाटी माझ्याच पोटात जाते.’

आतून ठकीचे बाबा, दादा, लॅपटॉप घेऊनच बाहेर आले. ‘पण एजन्सीवाले म्हणाले होते, जेवणाचं त्या त्यांचं बघतील.’

‘बघते ना, दादा. रोज फ्रीज उघडून बघते.’

‘अहो, मग मागायचं ना!’ ताईंचा आवाज फाटला. ‘आम्ही नाही म्हटलं असतं का?’

‘सकाळपासून लेकरू कडेवर, आणि दुपारी हात पसरायचा? तोही रोज? नाही होत, ताई. दमते मी.’

मग ताईंनी एक ताट घेतलं, भात वाढला, भाजी वाढली आणि टेबलावर ठेवलं. मावशी खुर्चीच्या कडेला टेकल्या. ताई समोर उभ्या राहून माफीचं काहीबाही बोलत राहिल्या.

‘ते नंतर, ताई. आधी डॉक्टरांना फोन करा. रक्ताचं राहू दे म्हणावं.’

ताई फोन घेऊन वळल्या. ‘आणि मावशी, उद्यापासून...’

घास हातातच थांबला.

‘...उद्यापासून स्वयंपाक एका माणसाचा जास्त. इथंच बसायचं, ठकीशेजारी.’

मावशींनी मान हलवली आणि खात राहिल्या. ताट रिकामं झालं तेव्हा लक्षात आलं, पाय उठायला तयारच नाहीत. बराच वेळ त्या तशाच बसून राहिल्या. कुणी हाक मारली नाही.