आवाज दिला होता

ओरडायचं, पण कुणाला ऐकू जाऊ द्यायचं नाही, ही कला गावात एकट्या भोंग्याला येत होती.

नाव त्याला होतं, पण ते पंचायतीच्या हजेरीपुरतं. पंचायतीच्या या शिपायाला सारं गाव भोंगा म्हणायचं, कारण त्याच्या सायकलच्या कॅरियरला पत्र्याचा भोंगा तारेनं घट्ट बांधलेला असे. दांडीला अडकवलेल्या पिशवीत बॅटरी, गळ्यात माइक. उद्या पाणी येणार नाही, नर्सबाई डोस द्यायला आल्यात, कुणाची तरी शेळी सापडलीय, हे सगळं गावाला त्याच्या तोंडून कळायचं. बायको म्हणायची, "साऱ्या गावाला हाका मारता, आणि मी हाक मारली तर ओ देत नाही."

"घरी येईपर्यंत बॅटरी उतरते गं," तो म्हणायचा.

शेळीची बातमी तो अशी द्यायचा की शेताच्या पलीकडचा माणूस मान वर करून बघायचा. ग्रामसभेची बातमी मात्र अशी, की ओट्यावर बसलेल्यालाही पत्ता लागू नये. त्यात जादू नव्हती. भोंग्याचं तोंड जिकडे, आवाज तिकडे. मागं नुसती गुणगुण. सभेच्या दिवशी तो तार सैल करून भोंग्याचं तोंड शेतांकडे फिरवायचा. पिठाच्या गिरणीसमोर गिरणी चालू असतानाच थांबायचा. माणसं कामावर गेली की मग निघायचा, आणि वारा बघून गल्ली निवडायचा. "भिंतींना कान असतात म्हणतात," तो एकदा भाऊसाहेबांना म्हणाला होता, "म्हणून भिंतींनाच सांगून आलो." भाऊसाहेब म्हणजे पंचायतीचे सचिव. ते पोट धरून हसले होते.

पहिल्यांदा हे घडलं ते खरोखर चुकून. बॅटरी उतरली होती, आवाज गल्लीच्या तोंडापर्यंतही पोचला नाही आणि सभेला कुणी आलं नाही. सभेला शंभर माणसं लागतात, असा नियम. ती भरली नाहीत तर सभा तहकूब करायची आणि पुन्हा घ्यायची. या दुसऱ्या सभेला किती माणसं आली ते कुणी मोजत नाही. जी असतील त्यांनी हात वर केले की ठराव झाला. त्या वेळच्या सरपंचांनी नऊ माणसांत, चहा गार व्हायच्या आत, सगळे विषय उरकले. जाता जाता भोंग्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आज बॅटरी बरी उतरली रे."

पुढं सरपंच बदलले, पण वाक्य तेच राहिलं. एखादी सभा जवळ आली की सरपंच सहज म्हणायचे, "बॅटरी बघ जरा." भोंगा समजायचा. त्याची नोकरी कायम झाली. घरावर पत्र्याच्या जागी स्लॅब आला. मुलीच्या लग्नात पंचायतीचं सभागृह फुकट मिळालं. कुणी विचारलंच, "काय रे भोंग्या, सभेला यायचं का?" तर तो म्हणायचा, "कशाला पाय झिजवता? काही असलं तर मी सांगेन की." लोकांनाही ते सोयीचं होतं. हळूहळू विचारणारेही थांबले.

त्या दिवशी भाऊसाहेबांनी सभेची नोटीस त्याच्या हातात दिली. ती कुठं लावायची हे त्याला सांगावं लागत नसे. कचेरीच्या दाराच्या आतल्या बाजूला. दार उघडं असलं की ती बाजू भिंतीकडे जायची, आणि दार बंद असलं की कचेरी बंद असायची. नियमाप्रमाणे नोटीस लागलेली, वाचणारा कुणी नाही.

खळ लावता लावता त्याची नजर खाली गेली. शेवटचा विषय होता, जुन्या खाणीच्या जागेचा वापर.

"कसला वापर हो, भाऊसाहेब?"

भाऊसाहेब त्याच्यापेक्षा वयानं बरेच लहान. त्यांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं. "शहराचा कचरा टाकायचाय तिथं. त्यांची जागा भरली. बदल्यात आपल्याला वरच्या अंगानं डांबरी रस्ता करून देतायत." मग त्यांना आठवलं. "तुमची मुलगी तिकडंच दिली ना, काका?"

"हो. खालच्या आळीत."

"मग तुमचं तर बरंच झालं. जावयाला गेटवर वॉचमन म्हणून लावू. सावलीतली नोकरी."

भोंग्यानं नोटीस दाबून बसवली. मुलीच्या घराची मागची भिंत आणि खाणीची कड यांच्यामध्ये एक विहीर होती, तेवढंच अंतर. आळीतली सगळी घरं त्याच विहिरीचं पाणी प्यायची. नळ तिथवर गेलाच नव्हता. जावयाची रोपवाटिका होती, तीही त्याच पाण्यावर. खाणीत पाऊस साठला की दोन दिवसांत विहीर वर यायची. दगडाला भेगा होत्या. खाणीत जे पडेल ते विहिरीत उतरणार, हे कुणी शिकवायला नको होतं.

सरपंच बाहेर पडताना म्हणाले, "बॅटरी बघ जरा."

त्या रात्री तो जेवला नाही. बायकोनं ताट झाकून ठेवलं. "पोटात दुखतंय का?" तिनं विचारलं. त्यानं विषय सांगितला. तिनं चुलीतली लाकडं मागं ओढली. मग म्हणाली, "दुसऱ्यांच्या आळीतल्या ठरावाला तुमचं पोट कधी दुखलं नाही ते."

सकाळी तो पंपाच्या मेकॅनिककडे गेला आणि त्याच्याकडून नवी कोरी बॅटरी मागून घेतली. भोंग्याचं तोंड घरांकडे करून तार आवळली. माणसं कामाला निघण्याआधी, चूळ भरायला दारात येतात त्या वेळी तो पहिल्या गल्लीत शिरला. "सभा आहे. शहराचा कचरा आपल्या खाणीत टाकायचा विषय आहे. विहिरीचं पाणी नासेल. सगळ्यांनी या."

आवाज एवढा मोठा निघाला की कबुतरं उडाली.

"भोंग्याला आज काय झालं रे?" न्हावी दुकानाची फळी उघडत म्हणाला. "बायकोनं धुतला की काय?"

"थट्टा नको. सभेला ये."

"तूच तर म्हणायचास, पाय झिजवू नका."

"म्हणायचो. आता सांगतोय, ये."

"बरं, बघू," न्हावी म्हणाला. हे 'बघू' भोंग्याला ठाऊक होतं. त्यानंच ते गावाला लावलं होतं.

गिरणीवाली बाई तोंडाची फटकळ. तिनं पट्टा थांबवून त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या गल्लीतली मोकळी जागा दुकानगाळ्याला दिली, तेव्हा तुझा हा आवाज कुठं होता? माझ्या दारासमोर उभा होतास. माझी गिरणी चालू होती. मला वाटलं, बिचारा घसा फोडून घेतोय."

भोंग्यानं माइक गळ्यात सोडला आणि सायकल पुढं ढकलली.

वरच्या आळीत तर लोकांनी तोंडावरच सांगितलं, "खाण तुमच्याकडं, वास तुमच्याकडं. आम्हाला रस्ता मिळतोय. आम्ही कशाला आडवे येऊ?"

सभेला खालची आळी झाडून आली. म्हाताऱ्या आल्या, लेकुरवाळ्या आल्या. मुलगी पुढच्या सतरंजीवर बसली होती, जावई मागं भिंतीला टेकून. गिरणीवाली शिव्या देत का होईना, पण आली. भोंगा सारखा दारापाशी जाऊन रस्त्याकडे बघत होता. मग राहवेना, तो धावत सुटला. न्हाव्याला दुकानातून उठवून आणलं, गिऱ्हाईक अर्ध्या दाढीचं, गालाला साबण लावून मागोमाग आलं. हसू पिकलं. भाऊसाहेबांनी मोजलं. आठ कमी.

"मला धरलंत का?" भोंग्यानं विचारलं.

"धरलं, काका."

सरपंचांनी घाई केली नाही. नियमाप्रमाणे अर्धा तास वाट बघितली, सगळ्यांना पाणी द्यायला सांगितलं. मग उभे राहून हात जोडले. "गणसंख्या नाही. माझा नाइलाज आहे. सभा तहकूब. पुढची तारीख आवाज देऊन कळवू."

बाहेर चिंचेखाली भोंग्यानं आळीतल्या लोकांना गोळा केलं. "बिघडलं नाही काही. पुढच्या सभेला माणसं मोजत नाहीत. त्यांच्याकडं दहा-बारा हात आहेत. आपण आज आलो तेवढे जरी गेलो तरी ठराव पडतो. फक्त तारीख कळली पाहिजे."

"तारीख तर तुम्हीच सांगणार ना, बाबा," मुलगी म्हणाली. तिच्या तोंडावर दोन दिवसांत पहिल्यांदा उजेड दिसला.

दुसऱ्या दिवशी सरपंचांनी त्याला आत बोलावलं. रागावले नाहीत. "वय झालं तुझं. ऊन लागतं. आजपासून तू पाण्याच्या टाकीवर बस. भोंगा पाणीवाला फिरवेल."

पाणीवाला म्हणजे पंपावरचा माणूस, भोंग्याच्या हाताखालीच तयार झालेला. मागं एकदा भोंगा तापानं पडला होता, तेव्हा ऐन सभेचा आवाज द्यायचा होता. अंथरुणावरूनच त्यानं पाणीवाल्याला सगळं समजावलं होतं: तार कशी सैल करायची, गिरणी कधी चालू असते, वारा कसा बघायचा. पाणीवाल्याला वाटलं होतं, काका किती जीव लावून शिकवतात.

भोंग्यानं आळीतल्या लोकांना बजावून ठेवलं, कान उघडे ठेवा, एक माणूस रोज घरी ठेवा. चार-सहा दिवस त्यांनी ठेवलाही. मग ज्याची त्याची कामं. भोंगा टाकीवरून उतरला की कचेरीत डोकवायचा. पण त्याची पाळी संपेपर्यंत दाराला कुलूप लागलेलं असे, आणि नोटीस दाराच्या आत.

टाकी टेकाडावर होती. तिथून सारं गाव तळहातावर घेतल्यासारखं दिसायचं, पण पंपाच्या घरघरीत ऐकू काही यायचं नाही. एक दिवस, उन्हं चढल्यावर, त्याला खालच्या आळीच्या वाटेवर सायकल दिसली. सायकल थांबली. माणसानं गळ्यातला माइक तोंडाजवळ धरला. कॅरियरवरचा भोंगा उन्हात चमकला, आणि भोंग्याचं तोंड शेतांकडे होतं.

त्याला एक शब्द ऐकू आला नाही. ऐकायची गरजही नव्हती.

पंप तसाच सोडून तो उतारानं धावला. आळीत पोचेपर्यंत सायकल निघून गेली होती. "सभा आहे," तो ओरडला, "चला, आत्ता चला." ओरडताना त्याला कळलं, की उभं आयुष्य आवाज मोठा करायचं काम यंत्रानं केलं होतं, त्याचा स्वतःचा आवाज तिसऱ्या घरापर्यंत जात नव्हता. तो दारोदार गेला. कड्या वाजवल्या. बहुतेक दारांना कुलपं होती. दोन म्हाताऱ्या, एक बाळंतीण आणि रोपांना पाणी घालणारी त्याची मुलगी, एवढीच माणसं सापडली. जावई दूर कुणाच्या तरी शेतात होता. बाळंतिणीला घरीच ठेवून बाकीच्या निघाल्या. म्हाताऱ्यांना चढ झेपेना. मुलीनं एकीला हात दिला, त्यानं दुसरीला.

कचेरीपाशी पोचले तेव्हा आतली माणसं बाहेर येऊन चपला घालत होती. भाऊसाहेब कागद फायलीत लावत होते.

"झाली सभा?" भोंग्यानं विचारलं.

"झाली की. एकमतानं." भाऊसाहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या मागं धापा टाकणाऱ्या बायकांकडे. "आवाज दिला होता, काका."

पायरीपाशी पाणीवाला सायकलवरची तार सोडत होता. त्यानं मान खाली घातली. "तुम्हीच शिकवलंत तसंच केलं," तो हळू म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

परतीच्या वाटेवर म्हाताऱ्या पुढं चालल्या. मुलगी त्याच्याबरोबर होती.

"बाबा, आवाज दिला होता म्हणतात. मी घरातच होते. मला कसा नाही आला?"

त्यानं थांबून हातानं दाखवलं. भोंग्याचं तोंड इकडं असलं की आवाज इकडं जातो. तिकडं फिरवलं की तिकडं. तिनं त्याचा फिरणारा हात बघितला. तो किती सफाईनं फिरला, तेही बघितलं. लहानपणी याच भोंग्याच्या सायकलवर पुढं बसून ती गावभर हिंडली होती.

"गिरणीवाल्या मावशी म्हणत होत्या ते खरं तर," ती म्हणाली.

"खरं."

मग ती भरभर चालत म्हाताऱ्यांना जाऊन मिळाली.

कचऱ्याची पहिली गाडी आली तेव्हा रोपवाटिकेतली निम्मी रोपं जावयानं मिळेल त्या किमतीला देऊन टाकली होती. वॉचमनची नोकरी वरच्या आळीतल्या कुणाला तरी मिळाली. खाणीच्या कडेवर घारी फिरू लागल्या. प्लास्टिकच्या पिशव्या वाऱ्यानं उडून विहिरीत पडायच्या, म्हणून जावयानं कुठून तरी पत्रे आणले. विहीर झाकायची होती. पाणी कसं होतं ते अजून कुणी बोलत नव्हतं. मुलगी ते दोनदा गाळायची आणि उकळायची.

भोंगा सुट्टीच्या दिवशी गेला. मुलीनं दारातून त्याला बघितलं. पत्र्याचं एक टोक जावयानं धरलं होतं, दुसरं मोकळंच होतं आणि वाऱ्यानं थडथडत होतं.

"धरा ते," ती म्हणाली.

त्यानं धरलं. गाडी खाणीत रिकामी होत होती, त्या आवाजात जावई काहीतरी म्हणाला ते त्याला ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं नाही. जिकडं जावयानं ओढलं तिकडं तो पत्रा घेऊन सरकला.