पंख्यातली पानं

गेल्या एप्रिलमध्ये बाबांनी डायलिसिसला यायला नकार दिला, आणि कारण सांगितलं गाडीच्या एसीचं. "तो आवाज मला ऐकवत नाय. त्या गाडीत मी बसणार नाय."

गाडी आमची सतरा वर्षांची. दिंडोरीहून नाशिकला आठवड्यातून दोनदा मीच त्यांना नेत होते. एसी लावला की डॅशबोर्डमागून फडफड, खडखड सुरू व्हायची. बंद ठेवावा तर परतीच्या उन्हात त्यांना घेरी यायची. भाड्याची गाडी करू म्हटलं तर तीही नको. मंगळवारचं डायलिसिस चुकलं. डॉक्टरांनी फोनवर स्पष्टच सांगितलं, शुक्रवारचं चुकवलंत तर जिवावर बेतेल. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडते. त्याआधी डिसेंबरमध्ये आई गेली तेव्हाही मी सगळ्यांवर ओरडतच होते.

गुरुवारी गाडी गॅरेजमध्ये नेली. "कॉम्प्रेसर गेलाय, आजच्या आज बदलून टाका," असं मीच मेकॅनिकला सुनावलं. तो शांतपणे शेजारच्या सीटवर येऊन बसला.

"ताई, आधी इंजिन बंद करा. आता चावी अर्धीच फिरवा अन् नुसता पंखा लावा."

आवाज आलाच.

"इंजिन बंद हाय, म्हणजे कॉम्प्रेसर फिरतच नाय. तरी वाजतंय ना? आता पंखा वाढवा."

पंखा वाढवला तशी खडखडही वाढली. त्याने समोरचा कप्पा काढला, वाकून पंखा सोडवला, आणि त्याच्या पायाशी वाळक्या पानांचा ढीग पडला. आपट्याची पानं. काही आख्खी, काहींचा चुरा, मधूनच झेंडूच्या पाकळ्या.

"दसऱ्याचं सोनं कुठं ठेवता तुम्ही?" तो हसत म्हणाला.

हे आईचं काम. गाडीची पूजा झाली की पानं बॉनेटवर ठेवायला ती तयार नसे, वाऱ्याने उडतात म्हणून. पुढच्या काचेखाली, वायपरजवळ जाळी असते, तिच्या फटींत ती एकेक पान खोचायची. "घरचं सोनं रस्त्यावर सांडायला नको," म्हणायची. या जुन्या गाडीला आत फिल्टर नाही, त्यामुळे पानं थेट पंख्यात उतरली होती. थंडीत एसी लावलाच नाही, म्हणून आम्हाला पत्ता नव्हता. मला आईचा भयंकर राग आला. तिच्या या वेडेपणापायी बाबांचं डायलिसिस चुकलं होतं. मी सगळी पानं गोळा केली आणि गॅरेजच्या कचऱ्याच्या पिंपात टाकली.

शुक्रवारी सकाळी बाबांना अंगणात बोलावून एसी लावून दाखवला. "ऐका. आता तरी बसाल ना?"

ते बराच वेळ कान देऊन उभे राहिले. मग म्हणाले, "पानं निघाली का?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"दरवर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मीच काढायचो. तिला न सांगता. या खेपेला दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. राहून गेलं. ती गेल्यावर मग काढवेनात." त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं. "कुठं ठेवलीस?"

"टाकली," मी म्हणाले.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. काठी टेकत ते गाडीच्या पुढे गेले, वाकले आणि जाळीच्या फटींतून बोट फिरवू लागले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काहीच लागलं नाही. पुन्हा एकदा फिरवलं. मग स्वतःच दार उघडून आत बसले, पट्टा लावला.

"चल, उशीर होतोय."

मी एसी लावला. बाबा गाडीत बसले होते आणि मला तेवढंच हवं होतं. त्यांच्या बोटाला जाळीतली काळी धूळ लागली होती. नाशिक येईपर्यंत त्यांनी ती पुसली नाही.