कंपनीमामांचा बिल्ला

कंपनीमामांच्या घरी शेवटचं माणूस आल्याशिवाय पानं वाढली जात नसत. पोटात कावळे कोकलोत, पाहुणे ताटकळोत, मामा उंबऱ्यात उभे राहून गल्लीच्या तोंडाकडे बघत असायचे. “सगळे आले का?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मामेभाऊ वापीच्या कारखान्यात कामाला. त्याची गाडी रखडली की आमटी पुन्हा पुन्हा गरम व्हायची आणि वहिनी आतून पुटपुटायची, “ह्या घरात भूकसुद्धा मामंजींना विचारून लागते.”

मामा म्हणजे माझ्या आईचे सर्वांत थोरले भाऊ. एस.टी. यायच्या आधी डहाणूहून तलासरीला आणि तिथून पुढे जंगलातल्या गावांकडे एका खासगी कंपनीच्या मोटारी जात. मिसरूड फुटायच्या वयात मामा तिथे कंडक्टर झाले. कंपनी थोड्याच वर्षांत गुंडाळली गेली आणि मामांनी उरलेलं आयुष्य भाताच्या गिरणीत काढलं. पण गिरणीचं नाव कधी त्यांच्या तोंडून निघालं नाही. चहात साखर कमी पडली तरी “आमच्या कंपनीत असं चालत नसे!” मग दुसरं काय नाव पडणार?

२०१४ साली माझी बदली तलासरीच्या शाळेत झाली आणि दर रविवारी डहाणूला मामांकडे जायचं ठरूनच गेलं. त्यांच्या खाटेखाली पत्र्याची एक पेटी होती. तिच्यातली एकेक वस्तू काढायची आणि “ही कशाची, ओळख बघू” म्हणायचं, हा त्यांचा खेळ. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा निघाला. त्याचं भोक चांदणीच्या आकाराचं होतं. “हा फक्त बकऱ्यांच्या तिकिटाला. माणसांचा वेगळा. बकरी माणसाच्या तिकिटावर गेलेली कंपनीला खपत नसे.” पितळी शिट्टीला एक पोचा होता. “भर रस्त्यात वाघ बसलेला. वाजवायची सोडून मी चावलीच ती!” खरं किती आणि तिखटमीठ किती, देव जाणे. मी मात्र पोट धरून हसायचे.

एका वस्तूचा अर्थ तेवढा त्यांनी सांगितला नाही. गोल पितळी बिल्ला, दोरी ओवायला भोक, मधे कंपनीचं चाक, आणि हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली कड. मी विचारलं की म्हणत, “तो अजून ड्युटीवर आहे.”

“मामा, सांगा ना सरळ.”

“सगळं आजच सांगितलं तर पुढच्या रविवारी तू कशाला येशील, बाय?”

आणि मग एका सकाळी मामांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. आयुष्यभर “सगळे आले का” विचारणाऱ्या माणसाच्या तोंडून नुसता घशातला एक आवाज निघायचा. तो ऐकवत नसे. मी रविवारी जायचे, पेटी उघडून एकेक वस्तू त्यांच्यासमोर धरायचे आणि त्यांच्याच गोष्टी त्यांना सांगायचे. बकरीचं तिकीट निघालं की डाव्या बाजूचा ओठ थोडा हलायचा.

पण मी निघाले की एक नवीनच प्रकार सुरू व्हायचा. मामा डाव्या हाताने उशीखालून तो बिल्ला काढायचे आणि माझ्या तळहातावर ठेवायचे. मला वाटायचं, आठवण म्हणून देताहेत. कसलं घेऊ मी ते! “असू दे मामा, तुमच्याकडेच शोभतो,” म्हणून मी तो परत उशीशी ठेवला की ते चिडायचे. खाटेच्या लाकडावर मूठ आपटायचे. डोळ्यांतून घळाघळा पाणी. वहिनीने विचारून पाहिलं, “विकायचाय? देवात ठेवायचाय? कोणाला द्यायचाय?” प्रत्येक प्रश्नाला मूठ आणखी जोरात.

शेवटी मी तो बिल्ला पर्समध्ये टाकला आणि विचारत सुटले. एस.टी.तल्या एका निवृत्त कंट्रोलरनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, “आमच्या वेळचा नाही हा.” भांड्यांच्या दुकानातले गुजराती शेठ म्हणाले, “आ तो हमालनो बिल्लो छे, बेन.” त्यांच्या भावाने लगेच तो सामानघराचा ठरवला. ज्यांना खरं माहीत असणार ती माणसं केव्हाच गेली होती, आणि जो एक उरला होता त्याची वाचा गेली होती. रडावं की डोकं आपटावं, कळेना.

तलासरीच्या बाजारात डोंगराकडच्या गावातून एक म्हातारी कंटोळीची रानभाजी विकायला बसायची. तिला सुटे देताना नाण्यांबरोबर बिल्लाही बाहेर आला. तिने तो झटकन उचलला आणि बोळक्या तोंडाने हसत सुटली.

“अगं, हा परत नाय केलास? गाडी उभी असंल ना तुझी!”

“कसली गाडी, आजी?”

“कंपनीची! माझा बाप डहाणूला जाय तवा कंडक्टर सकाळी देय त्याला. सांजचे गाडीने परत येणार, त्याला बिल्ला. सांजचा तो कंडक्टरच्या हातावर ठेवायचा. एक जरी बिल्ला यायचा राहिला तरी गाडी हलायची नाय. जंगलाची वाट, मागं राहिला तं कुठं जाईल माणूस?”

कंटोळी तिथेच टाकून मी डहाणूची गाडी पकडली. मामा मला आठवण देत नव्हते. जाताना बिल्ला घेऊन जा आणि परत ये, तू आल्याशिवाय मी हलत नाही, एवढंच सांगत होते. आणि आम्ही विचारत होतो, विकायचाय का! मी आत शिरले ती थेट त्यांच्या हातावर बिल्ला ठेवला. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि सुटकेचा केवढा मोठा श्वास सोडला! निघताना त्यांनी तो पुन्हा दिला आणि मी मुकाट्याने घेतला. त्या दिवशी मूठ आपटली नाही.

मग आमचं तसंच चाललं. आल्यावर द्यायचा, जाताना घ्यायचा. पण २०१९च्या पावसाळ्यात मामांनी अन्न सोडलं. पाठीला जखमा झाल्या, कूस बदलताना ते कण्हायचे. दवाखान्यातून डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मी रजा टाकून मामांकडेच राहिले. बिल्ला माझ्या पर्समध्येच होता. मामा डावा तळहात उघडून धरायचे आणि मी धडधडीत खोटं बोलायचे, “विसरले मामा, तलासरीलाच राहिला.” मला सगळं कळत होतं. पण तो हातावर ठेवायचा कसा?

वहिनी पदराने डोळे पुसत म्हणाली, “ताई, बघवत नाही हो. कशात जीव अडकलाय कोण जाणे.” मामेभाऊ कामावर गेलाच नव्हता, पायाशी बसून होता. मामांचा हात पुन्हा उघडला. तो काही केल्या खाली ठेवीनात.

मी पर्स उघडली. बिल्ला त्यांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांच्या कानाशी वाकले.

“सगळे आले, मामा.”

त्यांनी मुलाकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे. बोटं हळूहळू मिटली. दिवेलागणीला मामा गेले. दुसऱ्या दिवशी तलासरीला निघताना मी सवयीने त्यांच्या खाटेशी जाऊन हात पुढे केला.