बायोप्सीनंतरचा पदर

मंडळी, आज नाशिकला आईची किडनीची बायोप्सी झाली. पायांवर सूज होती, लघवीतून प्रोटीन जात होतं. नेमका आजार कळल्याशिवाय औषधं अंदाजानेच द्यावी लागतील, असं डॉक्टर म्हणाले होते.

पाठीत सुई घातली तेव्हा आईने हूं की चूं केलं नाही. खरी परीक्षा पुढे होती. आतून रक्त येऊ नये म्हणून संध्याकाळपर्यंत उताणं पडून राहायचं, उठायचं नाही.

तेवढ्यात दिंडोरीहून मोठे काका आले. आईचे थोरले दीर! त्यांना दारात बघताच ती पदर शोधत उठायला लागली. अंगावर दवाखान्याचा गाऊन, त्याला पदर कुठला!

“आई, पडून राहा!” मी ओरडलेच.

“त्यांच्यासमोर उघड्या डोक्यानं लोळत पडू का?”

काकांनी दारातच पाठ फिरवली. खांद्यावरचं उपरणं मागे माझ्याकडे धरलं. “हे घाल तिच्या डोक्यावर. नायतर नाय ऐकायची ती.”

आई खरंच शांत पडून राहिली. संध्याकाळी लघवी स्वच्छ आली, रक्त नव्हतं. रिपोर्ट यायचाय, पण आज मी निवांत आहे.

तुमच्या पेशंटला कोण आवरतं हो? आमच्या आईच्या डोक्यावर काकांचं उपरणं अजून आहेच. काढू म्हटलं तर म्हणाली, “राहू दे, बाहेर बसलेत ते.”