मावशींची हजेरी

कॅफे सुरू करण्याआधी मी अठ्ठावीस कामांची यादी केली होती. गॅसजोडणी, अन्न परवाना, झाकणाच्या कचरापेट्या, मेनूचा फळा. अंबरनाथच्या आमच्या कॉलेजात मी ऑफिस सांभाळते आणि यादीत आलेलं काम माझ्या हातून सुटत नाही. तरी अठ्ठावीसपैकी एकाही ओळीत ‘चहा करता येणारं माणूस’ असं मी लिहिलं नव्हतं.

कॅन्टीनचा कंत्राटदार सोडून गेल्यावर ती जागा विद्यार्थ्यांनीच चालवावी असं ठरलं होतं. योजना ‘कमवा आणि शिका’ची, म्हणून नियम क्रमांक चार मीच टाईप केला: काउंटरच्या आत फक्त प्रवेश घेतलेले विद्यार्थी. प्राचार्यांनी सही केली, व्यवस्थापन समितीने मंजुरी दिली. ही समिती वर्षातून दोनदा बसते.

मॅनेजर झाली बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी. उल्हासनगरची, वडिलांचं कापडाचं दुकान, बोलणं निम्मं हिंदीत. हाताखाली सहा जण. मेनूवर चौदा पदार्थ होते आणि लोकांना फक्त चहा हवा होता. चहाबद्दल सहा जणांची सहा मतं, म्हणून साखर मतदानाने ठरली. आलं अल्पमतात गेलं. पहिल्याच आठवड्यात अर्थशास्त्राचे सर एक घोट घेऊन म्हणाले, “छान आहे. पण हे काय आहे?”

“मॅडम, माल एक नंबर आहे,” मॅनेजर मला म्हणाली. “कारीगर नहीं है.”

दुसऱ्या आठवड्यात मावशी आपलं पातेलं न्यायला आल्या. जुन्या कॅन्टीनमध्ये त्यांनी अकरा वर्षं चहा केला होता. खरवईहून यायच्या. कंत्राटदार गेला तसं त्यांचंही काम गेलं होतं आणि घरात कामाला जाणाऱ्या त्या एकट्याच होत्या. मुलं गार दुधात चहापत्ती भिजत घालताना त्यांनी पाहिलं.

“सरका,” त्या म्हणाल्या.

मधल्या सुट्टीत रांग जिन्यापर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी रांगेत प्राचार्य होते. चहा संपवल्यावर, त्याआधी नाही, त्यांनी मला विचारलं, “या कुठल्या वर्गात आहेत?”

नियम बदलायचा तर समितीची बैठक हवी, म्हणजे पाच महिने. मी कागदावर दोन रकाने पाडले. नियम बदलणे: नऊ टप्पे. मावशींना प्रवेश देणे: पाच टप्पे. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आमच्याकडे जागा कायम रिकाम्या असतात आणि मुदत संपायला अजून चार दिवस होते.

“मावशी, बारावी झालीय का?”

“झालीय की. पोरीबरोबरच दिली, सतरा नंबरचा फॉर्म भरून. तिला पंचावन्न टक्के, मला छप्पन्न. घरी तो विषय काढत नाही आम्ही.”

गॅपच्या प्रतिज्ञापत्रात शिक्षणात खंड पडल्याचं कारण लिहायचं असतं. त्यांनी लिहिलं, ‘चहा’. मी ते खोडून ‘नोकरी’ करून घेतलं.

ओळखपत्र गळ्यात अडकवून मावशी काउंटरच्या आत उभ्या राहिल्या. नियम पाळला गेला. मी यादीवर खूण केली.

हजेरी मात्र माझ्या डोक्यातून गेली होती. ती पंचाहत्तर टक्के लागते. कमी भरली तर परीक्षेला बसता येत नाही, प्रवेश रद्द होतो, आणि मग मावशी पुन्हा काउंटरच्या बाहेर, थेट खरवईला. त्यात चहाची गर्दी नेमकी अर्थशास्त्राच्या तासाला. सर मावशींच्या हातचा चहा घेऊन वर्गात जायचे, कप टेबलावर ठेवायचे आणि मावशींची गैरहजेरी लावायचे.

“सर, त्या खाली आहेत,” मी त्यांना एकदा सांगितलं.

“मला माहितीय. आत्ताच दुसरा कप आणला. पण वर्गात नाहीत ना.”

गणपतीची सुट्टी संपली तेव्हा मावशींची हजेरी एकसष्ट टक्के होती. मी हिशेब मांडला. इथून पुढे एकही तास बुडवला नाही तर जेमतेम जमत होतं.

“मॅडम, स्पोर्ट्समध्ये दाखवा ना,” मॅनेजर म्हणाली. “रोज इतना बडा पातेला उठाती है. वेटलिफ्टिंगच आहे ते.”

“खोटं नको गं,” मावशी म्हणाल्या. “उद्या कुणी कागद काढला की मलाच हाकलतील. मी बसते वर्गात.”

वर्ग पहिल्या मजल्यावर, बरोबर कॅफेच्या डोक्यावर. मावशींनी खिडकीजवळचा बाक धरला आणि डावा हात गजांतून बाहेर काढला. मूठ म्हणजे गॅस बारीक. दोन बोटं म्हणजे पत्ती वाढवा. तळहात म्हणजे हात लावू नका. वर आलेल्या वासावरून त्या ठरवायच्या. मॅनेजर अंगणात मान वर करून उभी राहायची आणि आतल्यांना ओरडून सांगायची. मी हे सगळं ऑफिसच्या दारातून पाहायचे आणि कुठल्या यादीत घालावं ते मला कळायचं नाही.

एकदा सरांनी मागणी म्हणजे काय ते विचारलं. मावशींनी उत्तर द्यायला हात आत घेऊन वर केला. उत्तर बरोबर आलं. खाली सगळं दूध उतू गेलं.

सत्र संपताना कमी हजेरीची यादी मीच टाईप करते. मथळा इंग्रजीत असतो, तो कुणी वाचत नाही. सूचनाफलकावर लावून मी जागेवर येऊन बसते न बसते तोच मावशी फलकाशी गेल्या. एकेका नावावर बोट ठेवत खालपर्यंत आल्या. पुन्हा वरून सुरुवात केली. मग ऑफिसात आल्या, गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

“माझं नाव नाही, मॅडम.”

“नाहीच.”

“एवढी बसले तरी?”

मला जरा वेळाने उलगडलं. “मावशी, ती हजेरी कमी पडलेल्यांची यादी आहे. तुमची शहात्तर भरली. त्यात नाव नाही म्हणजे तुम्ही आत.”

“रेशनची बघितली, मतदानाची बघितली, कंत्राटदाराची बघितली,” त्या म्हणाल्या. “नाव नाही की घरी जायचं. असली यादी पहिल्यांदाच बघतेय.”

त्यांनी ओळखपत्र उचललं, फोटोची बाजू पदराने पुसली आणि गळ्यात घातलं.

“सरांच्या तासाला अजून वीस मिनिटं आहेत,” त्या म्हणाल्या. “चहा ठेवते.”